कोयत्याचा हंगाम, चेंडूचा हंगाम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आपल्या बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधी ऊस येतो. ‘औंदा हंगामाला कुठं?’ असा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तरात कारखान्याचे नाव येते. कुणी सांगली सांगतो, कुणी कोल्हापूर, कुणी थेट कर्नाटकातले बेळगाव. मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्या एका हंगामाविषयी. तो शाळेच्या मैदानावरचा आहे, त्यातही फुटबॉलचा. आपल्या जिल्ह्यातल्या लहान गावांतले आणि तालुक्याच्या ठिकाणचे मुलांचे संघ दरवर्षी हा हंगाम वाचवण्यासाठी धडपडत असतात. समोरच्या संघाकडून ते हरतात तो खेळाचाच भाग आहे. पण मैदानात उतरण्याआधीच जे हरणे होते, त्याची नोंद कोणत्याही गुणफलकावर होत नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. बीडच्या मातीत खेळाडू निपजत नाहीत, असे आता कुणी म्हणू शकणार नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचे धावपटूच नेत होते. ती मालिका आपल्या मांडव्याच्या मुलाने तोडली, आणि सुवर्णपदक हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदांनी. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. जुलै २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग शर्यतीत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्याच पॅरिसमध्ये ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनी गटात सुवर्ण जिंकले आणि २०१९च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले. आणि बीड शहराचा सचिन धस तर आपल्या सगळ्यांना टीव्हीवर दिसला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीच्या मैदानावर, १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ४ बाद ३२ होती आणि गाठायच्या होत्या २४५ धावा. सचिनने ९६ धावा काढल्या, कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत अंतिम सामन्यात गेला.

ही नावे घेतली की छाती भरून येते. पण जरा बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. धावणे आणि कुस्ती हे एकट्याचे खेळ आहेत. अविनाश लहानपणी मैलोन्‌मैल चालत-पळत शाळेला जात होता आणि पुढे सैन्यात गेल्यावर त्याच्या धावण्याला वळण मिळाले. राहुल कुस्तीसाठी पुण्याला गेला, तिथे हरिश्चंद्र बिराजदारांसारखा वस्ताद त्याला लाभला. सचिन सांघिक खेळातला, पण तो शहरात वाढलेला. आई पोलिस दलात, वडील आरोग्य खात्यात. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कुठे जायचे नव्हते. यात त्याचे किंवा इतर दोघांचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. मुद्दा इतकाच, की जिद्दीचा एक मुलगा गावात राहिला किंवा गावाबाहेर गेला तरी त्याचा खेळ पुढे जाऊ शकतो. संघाचे तसे नाही. फुटबॉलला अकरा जण लागतात, बदली खेळाडू धरले तर पंधरा-सोळा. आणि ते एका गावात, एका शाळेत, निदान सहा महिने एकत्र राहावे लागतात. नेमके तेच आपल्याकडे घडत नाही.

हे कसे होते, ते महिन्यांच्या हिशेबाने पाहू. शाळा जूनमध्ये सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये शालेय स्पर्धांचे वेळापत्रक येते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. सुब्रतो चषकाच्या फेऱ्या साधारण पावसाळ्यात उरकतात. इतर शालेय स्पर्धा मात्र तालुका, जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशा पायऱ्या चढत जातात. त्या चढता चढता दसरा येतो आणि दिवाळीही उलटते. बरोबर याच वेळेला साखर कारखान्यांची धुराडी पेटायची असतात. २०२४ साली गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचे ठरले होते, २०२५ साली १ नोव्हेंबरपासून. मजूर त्याच्या आधी कारखान्यावर पोचायला हवेत, म्हणून दसऱ्यापासूनच गावोगावी ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, पीठमीठ, कोंबड्या, शेळ्या आणि पोरेबाळे चढतात. राज्यातल्या ऊसतोड मजुरांची संख्या दहा-बारा लाखांच्या घरात सांगितली जाते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा आपल्या बीडचा असतो.

आता संघाकडे या. जुलै-ऑगस्टच्या पावसात सोळा मुले सरावाला येत होती. कुणाला डाव्या पायाने मारता येते, कुणाची उडी चांगली म्हणून तो गोली, कुणी नुसता पळतो पण दमत नाही म्हणून त्याला मधल्या फळीत घेतले. सप्टेंबरअखेर संघ जरा कुठे आकाराला येतो. पास कुणाला द्यायचा हे न बघता कळायला लागते. आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी सरावाला अकराच येतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात आठ. फुटबॉलच्या नियमावलीतला तिसरा नियम असा आहे, की एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरूही करता येत नाही. म्हणजे नऊ मुले घेऊन जाणारा संघ खेळू शकतो, हरू शकतो. सहा उरले तर हरण्याचाही हक्क उरत नाही. समोरच्या संघाला पुढे चाल दिली जाते आणि कागदावर एवढेच लिहिले जाते, की अमुक शाळेचा संघ गैरहजर. का गैरहजर, यासाठी त्या कागदात रकाना नसतो.

वयाचाही एक भाग आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. बारा वर्षांच्या आतल्या पोराला सोबत नेले जाते ते धाकट्या भावंडांना सांभाळायला, कोपीवर लक्ष ठेवायला, पाणी आणायला. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याच्या हाताला कोयता पेलतो. मोळ्या बांधायला, गाडी भरायला तो कामाचा होतो. म्हणजे ज्या वयात फुटबॉलचा खेळाडू तयार होतो, १७ वर्षांखालील गटात खेळतो, त्याच वयात तो घराला सर्वांत जास्त उपयोगी पडायला लागतो. मैदान आणि फड दोघेही एकाच वेळी त्याच्यावर हक्क सांगतात. त्यात फडाचा हक्क आगाऊ पैसे देऊन पक्का केलेला असतो.

मुलींचे तर विचारूच नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातल्या पाहणीत, बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आई-बाप सहा महिने बाहेर. वयात आलेली मुलगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती त्यामागे असते. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. सातवी-आठवीत उत्तम पळणारी मुलगी नववीत संघातच काय, वर्गातही दिसत नाही. मुलांचा संघ हंगामापुरता मोडतो, मुलींचा कायमचा.

श्रोतेहो, यात एक मोठा विरोधाभास आहे. महाराष्ट्रात फुटबॉलवर जीव टाकणारे गाव कोणते म्हटले, तर कोल्हापूरचे नाव घ्यावे लागते. तिथल्या पेठांतल्या तालमी मूळच्या कुस्तीच्या, पण त्यांचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तिथल्या लहान पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या देखरेखीखाली राजर्षी शाहू स्टेडियमवर सामने होतात आणि सामना दोन पेठांचा असला की गॅलरीत बसायला जागा मिळत नाही. अनिकेत जाधवसारखा मुलगा याच वातावरणातून पुढे आला आणि २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तर या कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम कधी असतो? साधारण डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. म्हणजे जेव्हा आपली मुले आई-बापांबरोबर त्याच जिल्ह्यातल्या उसाच्या फडांवर असतात, तेव्हाच. स्टेडियमवर गोल झाल्याचा जल्लोष उठतो आणि काही कोसांवर आपल्या एखाद्या शाळेचा गोली पहाटेच्या थंडीत पाचट बाजूला करत असतो. दोघांचाही हंगाम ऐन भरात असतो.

२०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या टाळेबंदीने कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम मध्येच थांबला. त्याच दिवसांत आपले मजूर कारखान्यांच्या आवारात, कोप्यांमध्ये अडकून पडले. पुढे एप्रिलमध्ये शासनाने त्यांना गावी परतायला परवानगी दिली. कोल्हापूरच्या मैदानाचा हंगाम बुडाला तेव्हा सगळे शहर हळहळले, आणि ते योग्यच होते. आपल्याकडच्या शाळांचा हंगाम तर टाळेबंदी नसतानाही वर्षानुवर्षे बुडतो. पण त्याबद्दल हळहळायला गावात त्या वेळी माणसेच नसतात. म्हातारे-कोतारे आणि कुलपे, एवढेच मागे उरते.

फुटबॉलच का, असे कुणी विचारेल. खो-खो आहे, कबड्डी आहे, आपले आहेत, स्वस्तही आहेत. ते खरेच आहे, आणि आज मी जे बोलतो आहे ते त्या खेळांनाही तसेच लागू पडते. पण फुटबॉलचा एक गुण आहे. एका चेंडूवर बावीस मुले तासभर गुंतून राहतात. बॅट नको, पॅड नको. दोन दगड ठेवले की गोलचे खांब झाले. नागपूरला विजय बारसे यांनी हे दाखवून दिले. हिस्लॉप महाविद्यालयातले हे क्रीडा प्राध्यापक. २००१ साली झोपडपट्टीतली पोरे पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. त्या वस्त्यांतली मुले पुढे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत भारताकडून खेळली. नागराज मंजुळे यांच्या २०२२च्या ‘झुंड’ चित्रपटाला आधार याच कामाचा. नागपूरच्या त्या मुलांकडे बूट नव्हते, मैदान नव्हते, शिस्त लावणारे कुणी नव्हते. पण ती एका वस्तीत रोज संध्याकाळी सापडत होती. आपल्या मुलांकडे निदान शाळेचे मैदान आहे. नोव्हेंबरनंतर मुले मात्र सापडत नाहीत.

मैदानाबद्दलही दोन शब्द बोलतो. आपला जिल्हा अवर्षणाचा. बालाघाटच्या डोंगररांगा आणि त्यांच्या आडोशाची कोरडी जमीन. बहुतेक शाळांची मैदाने मुरमाची, त्यावर हिरवळ औषधालाही नाही. पडले की गुडघा सोलवटतो, चेंडू महिन्याभरात फाटतो. २०१६च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे एप्रिलअखेरनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले, कारण पाणी माणसांना द्यायचे की खेळपट्टीला, हा प्रश्न होता. आपण अर्थातच माणसांच्या बाजूने असायला हवे. पण म्हणून मुरमाच्या मैदानावर खेळताच येत नाही, असे नाही. दगड वेचले, वर्षातून एकदा रोलर फिरवला आणि पहाटे किंवा सूर्य कलल्यावर खेळले तर मुरूमही चालतो. २०१७ साली १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे, अशी मोहीम शासनाने राबवली होती. त्या निमित्ताने शाळाशाळांत चेंडू पोचले. ते चांगलेच झाले. पण आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १५ सप्टेंबर आणि दसरा यांत जेमतेम दोन आठवडे होते. चेंडू आला आणि पाठोपाठ ट्रकही आला.

मग करायचे काय? कुणी म्हणेल, घरात खायला नाही, डोक्यावर उचल आहे आणि तुम्ही फुटबॉलचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाता येत नाही. फुटबॉलने कुणाची उचल फिटणार नाही. संघात घेतले म्हणून कुणाच्या शेताला पाणी येणार नाही. स्थलांतराचा प्रश्न पाण्याचा आहे, रोजगाराचा आहे, मजुरीच्या दराचा आहे. तो त्याच पातळीवर सोडवावा लागेल. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मोठ्या पातळीवरची कामगिरी लागते. दहा हजारांत एखादा तिथवर जाईल. त्या आमिषावर मी कुणालाही मुलगा मागे ठेवायला सांगणार नाही.

माझे म्हणणे त्यापेक्षा लहान आहे, पण ते मला फार महत्त्वाचे वाटते. वर्गात पन्नास मुले असतात. त्यातले एक दिसेनासे झाले तर हजेरीत ‘गै’ लागतो, काही दिवसांनी तोही लागायचा थांबतो. पण संघाचा गोली एक दिवस आला नाही, तर पंधरा मुले विचारतात, ‘तो कुठाय?’ कुणीतरी त्याच्या घरी जाते. संघात ज्याला जागा आहे त्याची गैरहजेरी लगेच कळते, कारण त्याच्यावाचून इतरांचे अडते. आपल्याकडच्या मुलांच्या वाट्याला असे कुणाचे तरी आपल्यावाचून अडणे फार कमी येते. ज्यांचे अडते ते बहुतेक मुकादम आणि कारखाने. त्यांच्या यादीत नाव लागण्याआधी मुलाचे नाव दुसऱ्या कुठल्या तरी यादीत असावे, अशी माझी इच्छा आहे. संघ ही अशी यादी होऊ शकते.

आता ही यादी टिकवायची कशी, यासाठी काही गोष्टी सुचवतो. यातली एकही खर्चिक नाही.

पहिली गोष्ट वेळेची. मुलगा हंगामाला जाणार की राहणार, हे आपल्याला ऑक्टोबरमध्ये कळते, पण ठरते ते फार आधी. उचल घेतली जाते ती पावसाळ्यात. बी-बियाण्याला, दवाखान्याला, लग्नाच्या देण्याला. तेव्हाच किती कोयते आणि सोबत कोण, याचे मनात गणित झालेले असते. म्हणून पालकांशी बोलायचे ते आषाढ-श्रावणात. दसऱ्याला ट्रक दारात उभा असताना गुरुजी गेले, तर आई-बापाला वाईट वाटते, पण शब्द दिलेला असतो आणि पैसे खर्चलेले असतात. श्रावणात गेले तर निदान बोलणे तरी होते. मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवता येईल का, वसतिगृहात जागा आहे का, हे विचारता येते.

दुसरी गोष्ट वसतिगृहाची. साखर कारखान्यांच्या परिसरात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या, त्या प्रयत्नांचे मोल आहेच. पुढे सर्व शिक्षा अभियानातून गावातच हंगामी वसतिगृहे सुरू झाली. मुलाने गावात राहायचे, शाळेत शिकायचे आणि जेवणाची सोय गावातच. २०२१ साली शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे आणि प्रत्येकात १०० जागा, असे तिचे स्वरूप ठरले. आता माझे म्हणणे असे, की जिथे शंभर मुले एका छताखाली राहतात तिथे फुटबॉलचे सहा संघ सहज होतात. तिथे एक चेंडू, एक शिट्टी आणि संध्याकाळी पाच ते सहा हा एक तास नेमून द्यावा. आई-बाप दूर असलेल्या मुलाला सर्वांत जड जाते ती कातरवेळ. त्या वेळी तो मैदानावर असला तर रात्री जेवतो आणि झोपतो. मात्र वसतिगृह टोळ्या निघायच्या आधी उघडले पाहिजे. ट्रक गेल्यावर पंधरा दिवसांनी कुलूप काढून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. आपल्या अकरा तालुक्यांच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या घटस्थापनेच्या आत संपतील, असे पाहता येईल. पावसाचे दोन-चार दिवस वाया जातील, चिखल होईल, पण संघ पुरा असेल. विभागाच्या फेरीला निवडलेला संघ उशिरा जाईल हे खरे. पण तोवर सोळा मुलांनी निदान जिल्ह्याचा सामना पूर्ण संघानिशी खेळलेला असेल. पूर्वी विभागाला छत्रपती संभाजीनगरला जायचे तर एसटीशिवाय मार्ग नव्हता, आजही तो बहुतांशी तसाच आहे. सप्टेंबर २०२५मध्ये बीड शहरात अहिल्यानगरहून रेल्वे आली, तिची वाट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. खेळासाठीही आपण एवढी चिकाटी दाखवली तर वेळापत्रक पंधरा दिवस अलीकडे आणणे अवघड नाही.

चौथी गोष्ट उरलेल्या मुलांची. दिवाळीनंतर आठच मुले उरली म्हणून चेंडू कपाटात ठेवू नका. पाच-पाच जणांचे संघ करा, शेजारच्या गावाला बोलवा, लहान मैदान आखा. मुली आणि मुले वेगळे संघ करण्याइतकी नसतील तर सरावाला एकत्र खेळू द्या. अकराचा खेळ पाचांचा झाला तरी तो फुटबॉलच असतो. संघ अर्धा का होईना चालू आहे, हे परत येणाऱ्यांना कळले पाहिजे.

आणि पाचवी गोष्ट, जी मला सर्वांत जवळची वाटते. कारखान्याचा पट्टा पडतो तो मार्च-एप्रिलमध्ये, कधी ऊस कमी असला तर त्याच्याही आधी. मग ट्रक परत येतात. मुले उन्हाने काळवंडून, हातावर उसाच्या पानांचे चरे घेऊन उतरतात. या मुलांचे वर्ष बुडालेले असते. पुस्तक मागे पडलेले असते आणि वर्गात बसायची लाज वाटत असते. पुष्कळ मुले शाळा सोडतात ती या लाजेपोटी. या दिवसांत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत, गावोगावी परतलेल्या मुलांची एक स्पर्धा घ्यावी. मे महिन्याचे ऊन कडक, म्हणून सामने सकाळी सहा ते आठ. संघ जुलैचाच, नावे तीच. गेलेल्या मुलाचे नाव हिवाळ्यात यादीतून कापायचे नाही. त्याच्यापुढे ‘हंगामाला गेला’ असे लिहायचे आणि जागा मोकळी ठेवायची. परत आल्यावर त्याला वर्गात पहिल्या दिवशी गणित विचारले जाण्याआधी मैदानावर त्याची जागा दिली, तर जूनमध्ये तो शाळेत यायची शक्यता कितीतरी वाढते.

हे काम एकट्या क्रीडाशिक्षकाने करायचे नाही. पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत तर वेगळा क्रीडाशिक्षकच नसतो. गणिताचे किंवा मराठीचे गुरुजीच शिट्टी घेऊन उभे राहतात. शाळा व्यवस्थापन समितीने, गावातल्या तरुण मंडळाने, सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाने यात उतरावे. आपल्या जिल्ह्यात निवृत्त जवान पुष्कळ आहेत आणि सैन्यात जवळपास प्रत्येकाने फुटबॉलला पाय लावलेला असतो. मुकादमही आपल्याच गावचा असतो, बहुधा कुणाचा मामा नाही तर चुलता. त्यालाही एकदा सामन्याला बोलवा. ‘मामा, एवढा गोली तेवढा राहू द्या,’ असे सोळा पोरांनी तोंडावर सांगितले तर नाही म्हणायला त्यालाही जड जाईल. सगळे राहणार नाहीत. पण सोळापैकी चार राहिले, तरी उरणारा आकडा सहा नसतो, दहा असतो. आणि दहा जणांना सामना खेळता येतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या श्रोत्यांपर्यंत हा आवाज पोचत असेल तर त्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या गावाच्या कडेला कोप्यांचा तळ पडतो, तिथे आमची मुले असतात. त्यांच्यात कुणी चांगला गोली आहे, कुणी डाव्या पायाचा आहे. तुमच्या तालमीच्या पोरांनी एखाद्या संध्याकाळी एक चेंडू घेऊन त्या तळावर जावे. भाषा वेगळी नाही, खेळ वेगळा नाही. त्यांचा हंगाम तिथे असताना थोडा तुमच्याबरोबर चालू राहील.

दसरा जवळ आला की आपण आपट्याची पाने वाटतो, सीमोल्लंघन करतो. आपल्या जिल्ह्यात सीमोल्लंघनाचा अर्थ गेली कित्येक दशके घर सोडणे असाच झाला आहे. तो एका वर्षात बदलणार नाही. मात्र यंदा आपल्या शाळेच्या संघाची यादी फळ्यावर लागली असेल तर ती एकदा जाऊन वाचा. त्यातली नावे कुणाची आहेत, त्यांच्या घरी उचल आली आहे का, पोर मागे ठेवायला आजी आहे का, याची चौकशी करा. ती करायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.